ट्रॅक्टर नव्हते तेव्हा एका बैलजोडीवर किती शेती व्हायची?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ट्रॅक्टर यायच्या आधी एका बैलजोडीवर किती जमीन व्हायची, नांगरट वेळेत उरकायची कशी, आणि आज पुन्हा बैलांवर शेती करता येईल का. मी कागल तालुक्यातला. घरच्या दावणीला बैल असताना वाढलो, औतामागं चाललोय. जे पाहिलं आणि केलं त्यावरनं सांगतो.

जिरायत रान असेल तर चांगल्या जोडीवर आठ-दहा एकर व्हायचं. बागायत असेल, त्यात ऊस असेल, तर चार-पाच एकरातच बैल मेटाकुटीला यायचे. याचं कारण चालण्यात आहे. नांगराचं एक तास, म्हणजे एका फेरीत पडणारी चर, साधारण 9 इंच रुंद धरा. त्या मापानं एक एकर नांगरायला बैलांना आणि मागच्या माणसाला जवळजवळ 18 किलोमीटर चालावं लागतं, आणि यात बांधावरची वळणं धरलेली नाहीत. हे चालणं डांबरी रस्त्यावरचं नाही, काळ्या रानातल्या ढेकळांतलं. म्हणून लाकडी नांगरानं दिवसात अर्धा एकर झाला तरी पुष्कळ झालं म्हणायचे. आडव्या पात्याचा कुळव रुंद असतो आणि वरवर चालतो, त्यामुळं तो दिवसाला दोन-अडीच एकर सहज फिरायचा.

कामाची वेळ बैल ठरवायचे. उन्हाळ्यात ऊन चढलं की बैल धापा टाकतो, फेस गाळतो. म्हणून अंधारात वैरण टाकायची, दिसायला लागायच्या आत जुंपायचं आणि दहा-अकराला सोडायचं. मग पाणी, वैरण, झाडाखाली रवंथ, आणि उन्हं कलल्यावर पुन्हा दोन-अडीच तास. बैल आमच्याही आधी जेवायचे. शेणघाण काढणं, शेणी थापणं, वैरण-पाणी बघणं हे बहुतेक घरातल्या बायकांकडं असायचं. औताच्या गप्पा मारताना पुरुष मंडळी हे सांगायला विसरतात. पेरणीतही कुरीच्या, म्हणजे पेरायच्या औताच्या, चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरायची ती बाईच. मूठ एकसारखी सुटली नाही तर एका नळीतनं दाट आणि दुसरीतनं विरळ उगवायचं, आणि ते सगळ्या गावाला दिसायचं.

आता वेळेत उरकायचं कसं. खरी अडचण वाफशाची, म्हणजे रान बेताच्या ओलीवर येण्याची, होती. काळी जमीन ओली असली की औताला चिकटते, वाळली की दगड होते. मृगाचा पाऊस होऊन गेला की मधे थोडेच दिवस रान कुरीला लायक असतं, आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाला बैल हवे असतात. ज्याची स्वतःची जोडी त्याची पेरणी आधी. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्या घराशी पैरा करायचा. दोघांचे दोन बैल मिळून एक जोडी, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याच्याकडं एकही बैल नाही तो दुसऱ्याच्या रानात आधी अंगमेहनत करायचा आणि मग त्याला औत मिळायचं, तोवर वाफसा गेलेला असायचा. उत्पन्नातला फरक बऱ्याचदा इथंच पडायचा. जुन्या काळी सगळेच एकमेकांना धावून जायचे असं लोक सांगतात ते मला अर्धंच पटतं. पैरा होता, पण तो बैल असणाऱ्यांतला होता.

उसासाठी खोल नांगरट लागायची. तिथं लोखंडी नांगर आणि दोन-तीन जोड्या एकापुढं एक, कधी चारसुद्धा. एवढे बैल एका घरात कुठले असणार? मग इर्जिक घालायची. शेजारपाजारचे आपापले बैल घेऊन यायचे, मजुरी नाही, पण रानातच पोटभर जेवण. लोखंडी नांगर आमच्या भागात रुळला त्यात किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्याचा मोठा वाटा. तो कारखाना 1910 चा. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या राजाला नांगर कशाला लागतो हे कळत होतं, तोच हे करू शकतो.

बागायतीत मोट हे सगळ्यात जिकिरीचं काम. आमच्या वडिलांच्या पिढीनं ती हाकली. कातड्याची मोट, वर चाक, जाड नाडा आणि पातळ सोल असे दोन दोर, आणि उताराची धाव. बैल धावेवरनं खाली जाताना मोट वर यायची, मग बैलांनी मागं मागं सरकत वर यायचं. दीडशे लिटरची मोट मिनिटाला एक असं धरलं तरी आठ तासांत 72 हजार लिटर पाणी होतं. उसाला नीट भिजवायचं म्हटलं तर त्यात दहा-बारा गुंठेच भिजतात. पाळी संपेपर्यंत पहिलं रान पुन्हा वाळलेलं. म्हणून विहिरीवरचा ऊस तेव्हा गुंठ्यांत असायचा. मोटेचं कातडं कमावणारे, नाडे वळणारे, फाळ शेवटणारे, म्हणजे त्याला धार काढणारे लोहार, जू आणि कुळवाचं दिंड घडवणारे सुतार, या सगळ्यांच्या हातावर औत चालायचं आणि त्यांना सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं. त्यांच्यातल्या कितीकांच्या दारात स्वतःचा बैल नव्हता.

आणखी एक, जे आज हिशोबातनं सुटतं. बैल चालो न चालो, रोज खातो. एका मोठ्या बैलाला दिवसाला दहा-बारा किलो तरी वाळली वैरण लागते, म्हणजे जोडीला वर्षाला सात-आठ टन. गळिताच्या हंगामात उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळायचं, भातपट्ट्यात पिंजर (भाताचा पेंढा), पावसाळ्यात बांधावरचं गवत. तरीही शाळू पेरताना माणसं दाण्याइतकीच कडब्याची उंची बघायची. बुटका जोंधळा कितीही पिकू दे, घरात त्याचं कौतुक व्हायचं नाही. त्यावर सरकी, पेंड, हुलग्याचा भरडा. पायाला पत्र्या मारायच्या. जुवानं खांदा आला, म्हणजे सुजला, तर हळद-तेल लावून बैल बसवून ठेवायचा, आणि ऐन कामात तो बसला की सगळं थांबायचं. पेरण्या उरकल्यावर येणारा बेंदूर म्हणूनच मनापासनं व्हायचा. आदल्या दिवशी खांदे मळायचे, सणादिवशी जुवाला हात लावायचा नाही, संध्याकाळी कर, म्हणजे आडवं बांधलेलं तोरण, तोडायला बैल पळवायचे.

मग बैल गेले कसे? नुसत्या ट्रॅक्टरनं नाही. वाटण्या झाल्या, आठ एकराचे दोन-दोन एकर झाले, आणि दोन एकरावर जोडीचं पोट भरत नाही. सगळीकडं ऊस झाला तसा कडबा संपला. भाड्याचा ट्रॅक्टर तासाभरात काम करून जातो आणि घरी गेल्यावर काही खात नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. स्वतःची दोन-तीन एकर जमीन आणि विकतची वैरण असेल तर जोडी घेऊ नका, बैलांचेही हाल होतील. पण तीन-चार शेजारी मिळून एक जोडी ठेवणार असाल, घरचा कडबा आणि वाडं असेल, आणि रोज बैलामागं राहणारा माणूस असेल, तर खोल नांगरट ट्रॅक्टरनं करा आणि कुळवणी, पेरणी, कोळपणी, उसाची भरणी (बुडाला माती लावणं) बैलांनी करा. सरीतनं बैल जातो तिथं ट्रॅक्टरइतकी जमीन दबत नाही. जोडी घेताना दोन्ही बैल एका चालीचे आहेत का हे रानात औताला जुंपून बघा, बाजारात नुसतं उभं बघून पैसे देऊ नका.