सीकममध्ये अँजिओडिस्प्लेसिया निघाला, एपीसी (आर्गॉन वायूच्या झोताने ते जाळणं) करायला सांगितलंय. हा कॅन्सर आहे का? परत रक्त जाईल का?

तुमच्या प्रश्नात महत्त्वाचं एवढं आहे: वडील ६८ वर्षांचे, दोन वर्षं मूळव्याध समजून मलम लावत होते, एचबी (हिमोग्लोबिन) ७.१ वर आल्यावर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झाली आणि सीकममध्ये दोन अँजिओडिस्प्लेसिया दिसले.

हा कॅन्सर नाही, पुढे जाऊन त्याचा कॅन्सर होतही नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून पातळ भिंतीच्या झालेल्या असतात. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथली पिशवी म्हणजे सीकम. मोठ्या आतड्यात तिचा घेर सगळ्यात जास्त, म्हणून भिंतीवरचा ताणही जास्त. आतडं आवळलं की स्नायूंच्या थरातून जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. असं वर्षानुवर्षं झालं की मागच्या शिरा आणि केशवाहिन्या फुगतात, असा सर्वमान्य तर्क आहे. म्हणूनच हा आजार बहुतेक साठीनंतर आणि उजव्या बाजूला सापडतो.

दुर्बिणीतून तो चेरीसारखा लाल, सपाट, नेच्याच्या पानासारख्या फाट्यांचा ठिपका दिसतो, बहुधा ५ मिलीमीटरच्या आतबाहेर. दुर्बिणीच्या सक्शननेही तसेच लाल डाग उठतात, म्हणून आत जातानाच नीट बघावं लागतं. तपासणीच्या वेळी पेथिडिन किंवा फेंटॅनिल हे दुखणं कमी करणारं औषध दिलं असेल तर ठिपके फिके पडून निसटू शकतात. पोट नीट साफ झालेलं नसेल तर विचारूच नका.

एपीसीमध्ये आर्गॉन वायूच्या झोतातून विजेचा प्रवाह सोडून ठिपका जाळतात, नळीचं टोक भिंतीला टेकवत नाहीत. सीकमची भिंत जेमतेम दोन-तीन मिलीमीटरची, त्यामुळे पॉवर कमी (साधारण २० ते ४० वॅट) आणि एकेक सेकंदाचे छोटे झटके. ठिपका मोठा असेल तर खाली सलाईन टोचून अस्तर उचलून घेतात. भोक पडण्याचा धोका कमी असला तरी शून्य नाही: नंतर पोट कडक झालं, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोट साफ करायला पीईजीची पावडर वापरतात. मॅनिटॉल नको, त्याने आतड्यात पेट घेणारा वायू तयार होतो आणि आत तर ठिणगी पडणार असते.

परत रक्त जाऊ शकतं, हे आधीच मान्य करून चाला. जाळलेला ठिपका गेला तरी नवे होतात, शिवाय लहान आतड्यात असलेले कोलोनोस्कोपीत दिसतच नाहीत. त्यामुळे माझ्या मते एपीसीइतकंच पुढच्या तीन गोष्टींकडे लक्ष हवं.

पहिली, २डी इको (हृदयाची सोनोग्राफी). हृदयाची एऑर्टिक झडप अरुंद असेल तर तिथून रक्त जोरात जाताना व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हा रक्त गोठवणारा घटक तुटतो आणि हेच ठिपके वाहू लागतात. याला हेडे सिंड्रोम म्हणतात. झडप बदलल्यावर रक्त जाणं पुष्कळदा थांबतं. क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या, किडनीच्या जुन्या आजारात हे ठिपके जास्त वाहतात.

दुसरी, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, दुखण्यावरच्या गोळ्या. वेदनाशामक बंद करा. हृदयाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, स्टेंट असेल तर तो बंद पडू शकतो. कार्डिओलॉजिस्टला कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट दाखवून ठरवा.

तिसरी, लोह. एचबी सातवर असताना शिरेतून लोह देणं सोयीचं, गोळ्या नंतर. गोळ्यांनी शौच काळी होते आणि घरचे घाबरतात. फरक असा: गोळीची काळी शौच घट्ट, हिरवट छटेची. रक्ताची डांबरासारखी चिकट, चमकदार, उग्र वासाची, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारी. या आजारात पोट दुखत नाही, म्हणून दर महिन्याला एचबी आणि तीन महिन्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. एचबी गडगडलं, चक्कर आली किंवा गडद लाल (मरून) रंगाचं रक्त भळाभळा जाऊ लागलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. तिथे सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करतात, पण ती रक्त वाहत असतानाच उपयोगाची.