आई-बाबांना घेऊन पॅरिस-रोमला चाललोय. पासपोर्ट, पैसे, दागिने कसे सांभाळू?

दागिने घरीच ठेवा. आईंना मंगळसूत्र काढायचं नसेल तर काळ्या मण्यांची साधी पोत घालू दे, विषय संपला.

तिकडे खरा त्रास खिसेकापूंचा, आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस त्यासाठी बदनाम आहे. पॅरिसमध्ये मेट्रोची १ नंबरची लाइन आणि आयफेल टॉवरचा परिसर. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी कुणी मनगटाला रंगीत दोरा बांधायला आला तर हात खिशात घालून सरळ चालू लागा. तो दोऱ्याचे पैसे मागत तुम्हाला गुंतवतो, तेवढ्यात जोडीदार तुमच्या खिशाचं बघतो. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, आपली माणसं भिडेखातर थांबतात! मेट्रोत दाराशी मोबाइल बघत उभं राहू नका. दार लागता लागता हिसकावतात आणि फलाटावर उडी मारतात.

पासपोर्ट आणि बऱ्याचशा नोटा शर्टाच्या आत बांधायच्या पट्ट्यात. तो चारचौघांत उघडायचा नाही. वरखर्चाचे थोडे युरो वेगळे ठेवा. फॉरेक्स कार्डं (आधीच परकीय चलन भरून घ्यायची बँकेची कार्डं) दोन घ्या, दोन माणसांकडे.

पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं, पुढची सहल त्यावर होत नाही. पासपोर्टची पानं आणि व्हिसाचे फोटो आजच स्वतःला मेल करून टाका.