पानगळीच्या दिवसांतली घरशाळा

मुलाला घरीच शिकवण्याचं पहिलंच वर्ष आहे ना, मग शाळेचं वेळापत्रक घरात आणू नका. पाच वर्षांच्या मुलाला सलग 15 मिनिटं बसणंही पुष्कळ असतं. आणि पानगळीत अर्धा अभ्यास झाडाखालीच पडलेला असतो! पानं गोळा करू द्या, रंगांप्रमाणे लावू द्या, मोजू द्या. हरितद्रव्य ओसरलं की पानात आधीपासूनच दडलेला पिवळा रंग दिसू लागतो, हे कळल्यावर माझी मुलगी कितीतरी वेळ एकच पान न्याहाळत बसली होती. सूर्यास्ताची वेळ रोज कॅलेंडरवर लिहा. दिवस आखडत चाललाय हे मुलं आपणहून ओळखतात. लिहिण्यावाचण्याची घाई नको. रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं मात्र चुकवू नका, कितीही दमला असलात तरी.