कोलोस्टॉमीची पिशवी काढून आतडं परत जोडून घ्यावं का, की आहे तसंच राहावं?

तुम्ही लिहिलंय की आतडं फुटल्यामुळे तातडीचं ऑपरेशन झालं, आठ महिने पोटावर पिशवी आहे (कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर शौचासाठी पिशवी लावणं), आणि आता सर्जन म्हणतात, "जोडता येईल, पण तुमचं तुम्ही ठरवा." माझीही गाडी याच वाटेने गेली. डायव्हर्टिक्युलायटिसमुळे (आतड्याच्या भिंतीवरच्या छोट्या फुगवट्यांना सूज येणं) मोठं आतडं फुटलं, रातोरात हार्टमन पद्धतीचं ऑपरेशन झालं, म्हणजे फुटलेला भाग काढून वरचं टोक पोटावर आणलं. पुढे मी जोडून घेतलं. तरी "करून टाका" असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आधी हे बघा: पिशवी नकोशी झालीय ती पिशवी आहे म्हणून, की ती गळते म्हणून? गळणारी पिशवी, भोवतालची सोललेली कातडी, रात्री दहादा उठून चाचपून बघणं असं चालू असेल तर माणूस कुठल्याही ऑपरेशनला मान डोलावेल. पण त्यावर बहुतेक वेळा ऑपरेशन नाही, चांगली स्टोमा नर्स हवी असते (स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आणि त्याची निगा शिकवणारी ती स्टोमा नर्स). सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो आणि पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आक्रसतो. पुष्कळ जण मात्र दवाखान्यात दिलेल्या मापाचंच भोक कापत राहतात. मग कडेला उघडी राहिलेली कातडी शौच लागून चुरचुरते, ओली होते, ओल्या कातडीवर पिशवी चिकटत नाही, आणि ती अजून गळते. पुन्हा माप घ्या. स्टोमाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच जागा सोडा, कातडी साध्या कोमट पाण्याने धुऊन खडखडीत कोरडी झाल्यावरच नवी पिशवी लावा, आणि ती अर्धी भरायच्या आत रिकामी करा. पुसताना टिपूसभर रक्त आलं तर घाबरू नका. स्टोमा काळा-जांभळा दिसला तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

डाव्या बाजूचा स्टोमा असेल तर इरिगेशनबद्दलही विचारा. म्हणजे ठरलेल्या वेळी स्टोमातून पाणी सोडून आतडं रिकामं करायचं. हे नर्सकडून शिकूनच करायचं असतं आणि सगळ्यांना चालत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ सकाळी तेवढं उरकतात, दिवसभर स्टोमावर छोटीशी टोपी लावून हिंडतात आणि जोडून घ्यायचं नावही काढत नाहीत. मला ते पटतं.

आता जोडण्याबद्दल. सगळं अडतं ते खाली काय शिल्लक आहे त्यावर. गुदाशय आणि गुदद्वारच काढलं असेल तर कोलोस्टॉमी कायमची. आतड्याचा वेढा बाहेर आणलेली लूप कोलोस्टॉमी असेल तर बहुधा स्टोमाभोवतीच छेद घेऊन काम भागतं. हार्टमनमध्ये वरचं टोक पोटावर असतं आणि खालचं शिवून आत सोडलेलं. ते शोधायचं, चिकटलेल्या आतड्यांतून सोडवायचं आणि जोडायचं, म्हणजे पुन्हा पोटात शिरणं आलं, दुर्बिणीतून किंवा उघडून. "फक्त जोडायचंय" या शब्दांवर जाऊ नका. जोड गळू शकतो, जखम पिकते, जुन्या स्टोमाच्या जागी हर्निया होऊ शकतो. हार्टमन झालेल्या बऱ्याच जणांचं आतडं कधीच जोडलं जात नाही, त्यामागे ही कारणंही आहेत. सिगारेट ओढत असाल तर ती आत्ताच सोडा, जोड भरून येण्यात तिच्यासारखा अडथळा नाही. साखर आणि हिमोग्लोबिनही आधी ताळ्यावर आणा. सूज उतरायला आणि आतली चिकटण सैल व्हायला निदान तीन महिने, बहुधा सहा महिने थांबतात. तुम्ही ते ओलांडले आहेत, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

ऑपरेशनआधी खालून, म्हणजे गुदद्वारातून, औषध सोडून एक्स-रे काढतात, स्टोमातून आणि खालूनही दुर्बीण घालतात. आणि डॉक्टर बोट घालून "आवळा… धरून ठेवा… सोडा" म्हणतात. संकोच वाटतो, पण माझ्या मते सगळ्या तपासण्यांत हीच मोलाची. तिथला स्नायू ढिला असेल तर पिशवी जाऊन डायपर येईल, आणि तो सौदा तोट्याचा आहे. तोवर आवळायचा व्यायाम आजपासून करा. खालून अधूनमधून शेंबडासारखा चिकट स्राव येतो ना? तो त्या बंद तुकड्याचाच असतो, शांतपणे संडासला बसून जाऊ द्यावा. रक्त येत असेल तर सांगायचं.

जोडल्यानंतर वॉर्डात राउंडला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "गॅस पास झाला का?" तो झाला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. खरी कसरत घरी आल्यावर सुरू होते. झालं म्हणून उठावं तर पाच मिनिटांत परत, घाई अशी की दार गाठेपर्यंत जीव वर-खाली. पिशवीखाली लावायचो तेच कातडीचं क्रीम मला खाली लावावं लागलं. गुदाशयाचा जितका भाग कमी उरलेला, तितका हा त्रास जास्त. महिन्यांगणिक तो कमी होत जातो, काहींना दीड-दोन वर्षंही लागतात. माझं आता छान चाललंय, पण बाहेर कुठेही गेलो की आधी संडास कुठे आहे ते बघायची सवय सुटलेली नाही. मला हे परवडलं, कारण स्टोमाशेजारी हर्निया वाढत होता आणि तसंही ऑपरेशन टळणार नव्हतं. तुमचं कारण काय, ते कागदावर लिहून बघा.

सर्जनकडे जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद न्या आणि खालचा तुकडा किती लांब ठेवलाय ते विचारा. अशी ऑपरेशनं ते स्वतः किती करतात, हेही विचारा, कुणाला राग येत नाही. आणि जाग येईल तेव्हा पोटावर दुसरी पिशवी असू शकते का, हे नक्की विचारा. नवा जोड सांभाळायला कधीकधी लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा करतात, त्याचं शौच पातळ असतं आणि कातडीला जास्त जाळतं. भूल उतरताना कळण्यापेक्षा हे आधी ठाऊक असलेलं बरं.