सत्तरीची आई आणि दहा वर्षांचा मुलगा घेऊन मुंबईहून दोन रात्रींची क्रूझ करावी का? पैसे वसूल होतात का?

आम्ही जानेवारीत जाऊन आलो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई, वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. म्हणजे तुमच्यासारखीच टीम. सासूबाईंना मी आईच म्हणते त्यामुळे पुढे आई म्हणजे त्या.

आधी तासांचा हिशोब सांगते कारण पैसे वसूलचं सगळं गणित तिथेच आहे. जाहिरातीत दोन रात्री तीन दिवस लिहितात. आम्ही शुक्रवारी साडेबाराला बॅलार्ड इस्टेटच्या क्रूझ टर्मिनलला पोचलो, मग रांग, कागद, परत रांग, बॅगा स्कॅन, आणि बोटीवर पाय ठेवला पावणेचारला. बोट हलली साडेपाचच्या सुमारास. रविवारी सकाळी दहाला आम्ही खाली. म्हणजे बोटीवर ४२ तास, त्यातले सोळा झोपेत. उरलेल्या सव्वीस तासांत स्विमिंग पूल, मॅजिक शो, डान्स, किड्स झोन, रॉक क्लायम्बिंग, चार वेळचं खाणं हे सगळं कव्हर करायला गेलात तर ऑफिस बरं वाटेल. आम्ही पहिल्या संध्याकाळी तेच केलं. नवऱ्याने कार्यक्रमांच्या यादीवर पेनाने खुणा केल्या होत्या, कशासाठी तर एकेका माणसामागे एवढे हजार दिलेत म्हणून.

आई मात्र पहिल्या तासाभरातच म्हणाल्या, तुमी जावा, मी हय बसतंय. डेकवर एक खुर्ची पकडली आणि बसल्या. त्या जिथे बसल्या तिथेच खरी गंमत होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आई देवगडच्या. लहानपणी मुंबई ते गाव हा प्रवास आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावरून. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. देवगडला बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब पाण्यातच उभी राहायची आणि पडाव, म्हणजे होड्या, यायच्या माणसं उतरवून न्यायला. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी पोरांना उचलून खालच्या खलाशाच्या हातात द्यायचा, एक क्षण चुकला तर पोर पाण्यात. हे सगळं मी लग्न झाल्यापासून बारा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. ते बाहेर आलं बोटीवर बसल्यावर. आणि आई धक्क्यावरून ती दहा-अकरा मजली बोट बघून काय म्हणाल्या, ही बोट आसा काय बिल्डिंग?

बरं, तुमच्या मुलाबद्दल. त्याला बोट हलायच्या वेळी कुठल्याही शोला पाठवू नका, वरच्या डेकवर न्या. संध्याकाळी सूर्य मुंबईच्या मागे मावळतो, आपल्याला सवय समुद्रात बुडणारा सूर्य बघायची आणि इथे आपण समुद्रात आणि तो ताज आणि गेटवेच्या मागे उतरतोय, हे बघून मला उगाच भरून आलं. उजवीकडे कुलाबा संपतं, मग प्रॉन्ग्जचं दीपगृह, आणि पुढे डाव्या हाताला खांदेरी-उंदेरी. खांदेरी २०२५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला ना, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, तोच. आम्ही पोचेपर्यंत अंधारलं होतं त्यामुळे किल्ला म्हणजे काळी रेघ आणि वर दीपगृहाची उघडझाप एवढंच दिसलं पण लेकीला मी अख्खा इतिहास ऐकवला आणि तिने ऐकलाही, कारण फोनची रेंज तोवर अशक्त झाली होती.

आणि एक गोष्ट चुकवू नका, पायलट उतरतो ती. पायलट म्हणजे बंदराचा माणूस, बंदरातल्या गाळाच्या आणि खडकांच्या भानगडी त्याला पाठ असतात म्हणून बोटीला बाहेर काढेपर्यंत तो कॅप्टनच्या शेजारी उभा असतो. बाहेर पडलो की एक छोटी लाँच पळत पळत आपल्या बोटीला येऊन चिकटते, आपली बोट थांबत नाही हां, आणि हा माणूस बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून खाली उतरून त्या लाँचवर पाय टाकतो. तिकीट न काढता मिळणारा सर्कसचा खेळ. लेकीने जोरात टाळ्या वाजवल्या. आई म्हणाल्या, आमी पडावात असेच उतरायचो, पण आमका कोणी टाळयो नाय वाजवल्यो.

आता नको ते झालेलं सांगते. मोठी बॅग टर्मिनलवरच घेतात आणि नंतर केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. नंतर म्हणजे आमच्या बाबतीत रात्री अकरा वाजता. आणि आईंची बीपीची गोळी, जी आठ वाजता घ्यायची असते, ती त्या बॅगेत. चूक माझीच, पण काउंटरवरच्या मुलीने तीन वेळा फक्त ऑन द वे आहे मॅम एवढंच म्हटलं तेव्हा माझंच बीपी वाढलं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळीकडे थोडंफार असंच असणार. तुमच्या आईच्या गोळ्या, चष्मा, एक गाऊन, मुलाचा स्विमिंगचा ड्रेस हे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. आणि एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री, घरची दारूची बाटली असलं काही नेऊ नका, काढून घेतात. चकल्या माझ्या आत गेल्या, पण बाहेरचं खाणं चालत नाही असं बोर्डवर लिहिलेलं असतं, तेव्हा तुमचं नशीब.

सेफ्टी ड्रिल होतं. सगळ्यांना एका ठिकाणी जमवतात, लाइफ जॅकेट कसं घालायचं दाखवतात, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की कुठे यायचं ते सांगतात. आमच्या बाजूचा ग्रुप पूर्ण वेळ सेल्फी काढत होता. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची बोट खडकावर आपटून ३२ माणसं गेली, त्याच संध्याकाळी चढलेल्या लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं, त्यानंतर बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यायचा नियम आला. पण आईंना हे माहीत असायची गरजच नव्हती. त्यांच्या घरात रामदास बोटीचं नाव घेतलं की बायका गप्प व्हायच्या. १७ जुलै १९४७, धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. आईंचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, तरी त्या ड्रिलमध्ये पहिल्या रांगेत उभ्या, आणि जॅकेट दाखवणाऱ्या मुलाला जॅकेटची शिट्टी वाजते का ते वाजवून दाखव म्हणाल्या. त्याने दाखवली.

बोट लागण्याबद्दल सगळे विचारतात. माझा नवरा म्हणत होता एवढ्या मोठ्या बोटीत कसलं काय लागतंय. पहिली रात्र खरंच कळलंही नाही. दुसऱ्या रात्री थोडा वारा होता, बोट अशी संथ डुलायला लागली आणि जेवणानंतर साहेब आडवे. आई आणि लेक ठणठणीत. अव्होमिन किंवा डॉक्टर देतील ती गोळी आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बुकिंग करताना केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे डुलणं कमी, टोकाला आणि वर जास्त. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, समुद्र शांत असतो. देवगडकडे जाणाऱ्या जुन्या बोटीसुद्धा पावसाळ्यात बंदच असायच्या.

केबिनचं म्हणाल तर सगळ्यात स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. चौघांना एकच घेतली तर दोन बिछाने भिंतीतून खाली ओढायचे असतात, शिडीने चढायचं, म्हणजे तुमच्या आईला खालचा आणि तुम्ही वर. आम्ही दोन घेतल्या. एक आतली आमच्या दोघांसाठी आणि एक गोल खिडकीवाली आजी-नातीसाठी. आतल्या केबिनमध्ये दिवस की रात्र तेच कळत नाही, आम्ही नऊपर्यंत झोपलो, आणि तिकडे त्या दोघी साडेसहापासून खिडकीला नाक लावून. जास्तीचे पैसे टाकायचेच असतील तर ड्रिंक्स पॅकेजवर नको, खिडकीवर टाका. बाथरूमला घोट्याएवढा उंबरठा असतो आणि आत हलायला जागा नसते, आईला पहिल्यांदा तुम्ही हात धरून आत न्या. फ्लशचा आवाज असा येतो की माणूस दचकतो, तेही आधी सांगून ठेवा. लिफ्ट आहेत, पण जेवणाच्या वेळी त्यांना लोकलसारखी गर्दी.

खाण्यात शाकाहारी असाल तर चंगळ. जैन काउंटर वेगळं, सकाळी पोहे इडली सगळं. मासे खाणाऱ्यांनी अपेक्षा ठेवू नका. दुपारी आईंनी मोठ्या आशेने फिश करी घेतली, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. ह्यो मासो दर्यातलो न्हय. बासा होता. चारी बाजूंनी अरबी समुद्र आणि ताटात व्हिएतनामच्या नदीतला मासा. पुढचे सगळे जेवण त्यांनी वरण भात खाल्ला आणि वेटरला दरवेळी विचारलं, बांगडो कधी?

पैसे. तिकिटाचा जो आकडा दिसतो त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे स्टाफची टिप, जीएसटी बसतं. आमचं दोन केबिनचं सगळं धरून ८० हजाराच्या आसपास गेलं आणि बोटीवर वेगळे नऊ हजार. बोटीवर कॅश चालत नाही, केबिनच्या कार्डावरच सगळं चढतं, आणि पोरांना कार्ड दाखवायची फार हौस असते. आमचे नऊपैकी तीन व्हिडिओ गेम्समध्ये गेले. चढताना फोटो काढतात तोही नंतर विकत, आम्ही नाही घेतला. फोन मात्र बोट सुटली की फ्लाइट मोडवर टाका. किनारा लांब गेला की फोन आपोआप बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि ते तुमच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये नसतं. बाजूच्या केबिनमधल्या काकांनी ऑफिसचा एक कॉल घेतला आणि परत आल्यावर बिल बघून कपाळाला हात लावला असणार.

गोव्याला थांबणारी क्रूझ घ्यायची की नुसती समुद्रात फिरून येणारी, तर माझं मत नुसती समुद्रातली. गोव्याला बोट मुरगावला लागते, वास्कोजवळ. कळंगुट बागा तिथून चांगलेच लांब, उतरायचं, टॅक्सी ठरवायची, जायचं, आणि वेळेवर परत यायचं टेन्शन कारण बोट तुमच्यासाठी थांबत नाही. जायचंच असेल तर बोगमाळ्याच्या बीचला जा, जवळ आहे. पण गुडघेवाल्या माणसाला घेऊन पाच-सहा तासांचा गोवा म्हणजे नुसती दमणूक. गोव्याला आपण एरवी जातोच की. कॅसिनोचं म्हणत असाल तर तो बोट खोल समुद्रात गेल्यावरच उघडतो, आम्ही बाहेरून बघितला.

शनिवारचा दिवस सांगते, मग थांबते. सकाळी दहाच्या सुमारास नवऱ्याच्या यादीतलं काहीतरी होतं आणि लेक म्हणाली मला आजीकडे बसायचंय. मग आम्हीही गेलो. कुठेही जमीन नाही, पक्षीसुद्धा नाही. आईंनी डेक साफ करणाऱ्या मुलाला थांबवून विचारलं, देवगड खंयच्या बाजूक? तो निघाला रत्नागिरीचा. त्याने मॉप भिंतीला टेकवला, जरा विचार केला आणि हात लांब करून एक दिशा दाखवली. बरोबर होती की नाही देव जाणे. आईंनी खुर्ची उचलायला लावली आणि त्या बाजूला तोंड करून बसल्या, जेवायची वेळ होईपर्यंत. मधेच पडावाची गोष्ट, मधेच त्यांच्या बाबांनी बोटीवर घेतलेल्या भज्यांची गोष्ट, मधेच नुसतं गप्प. लेकीने दोनदा विचारलं आजी अजून किती लांब आहे देवगड. स्विमिंग पूलपाशी डीजे चालू होता, त्याचा काय तो त्रास.

तेव्हा तुमच्या आईला विचारा की तिला बोटीवर जायचंय का क्रूझवर. आमच्या आई हल्ली सोसायटीत सगळ्यांना सांगतात की बोट बरी आसा, पण देवगडाक थांबत नाय.