१५ इंची चाकांऐवजी १६ इंची अलॉय आणि रुंद टायर टाकले, तर गाडीच्या हाताळणीत काय फरक पडतो?

फरक पडतो, पण रिमपेक्षा टायरच्या साइडवॉलमुळे (रिम आणि रस्ता यांच्यामधली टायरची उभी बाजू) जास्त. समजा १९५/६५ आर १५ (म्हणजे रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) काढून २०५/५५ आर १६ बसवला. एकूण व्यास जवळपास तोच राहतो (३ मिमीसुद्धा फरक नाही), पण साइडवॉल सुमारे १२७ मिमीवरून ११३ मिमीवर येते. ती वळणावर कमी मुडपते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. बदल्यात प्रत्येक खड्डा कमरेला कळतो आणि रिम वाकण्याचा धोकाही वाढतो.

रुंद टायरने कोरड्या रस्त्यावर पकड सहसा सुधारते. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना मात्र तोच टायर लवकर तरंगू लागतो. मायलेजही थोडं घटतं.

अलॉय म्हणजे हलकं, हे डोक्यातून काढा. मोठं अलॉय मूळ स्टील रिमपेक्षा जडही निघू शकतं, आणि हे वजन सस्पेन्शनच्या खालचं असल्याने खराब रस्त्यावर चाक उड्या मारतं. घेण्याआधी सरळ काट्यावर ठेवून बघा.

ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम हबला टेकते ती जागा यांतलं अंतर, कंपनीच्या आकड्याजवळच ठेवा. चाक फार बाहेर आलं, तर ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात स्टिअरिंग हातात ओढलं जातं आणि बेअरिंगवर ताण येतो.

व्यास बदलला तर स्पीडोमीटरही चुकतो: २०५/६५ आर १६ टाकलात, तर काटा जिथे आधी १०० दाखवायचा, तिथे खरा वेग ६ टक्क्यांनी जास्त असेल.

फक्त पकड हवी असेल, तर मी मूळ मापातच चांगल्या कंपाउंडचे (रबराच्या मिश्रणाचे) टायर घेईन. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.