नाक ओलं आहे म्हणजे पिल्लू बरं आहे का?

प्रश्न : सोसायटीच्या गेटपाशी सापडलेलं दोनेक महिन्यांचं देशी पिल्लू घरी आणलंय. कालपासून एकदम मलूल आहे, दोनदा पिवळी उलटी झाली, खात नाहीये. पण नाक ओलं आणि गार आहे. सासूबाई म्हणतात जंत झालेत, औषध द्या आणि दही-भात चारा. लस दिलेली नाही. आज रविवार, उद्या नेलं तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. तुम्हाला हे फोनवर तेव्हाच सांगितलं, पण असे प्रश्न सारखे येतात म्हणून इथे लिहितेय.

आधी ते नाक सोडा. झोपून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचं नाक पण कोरडं असतं आणि आजारी पिल्लाचं ओलं असू शकतं. त्यापेक्षा ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी आणि ओलसर हव्यात, बोटाने दाबलं की पांढरट होतात आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. फिकट दिसल्या, हाताला चिकट लागल्या किंवा रंग यायला वेळ लागला तर सरळ रिक्षा पकडा. (काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.)

लस नसलेलं पिल्लू, उलट्या, खाणं बंद, एवढं ऐकलं की व्हेटच्या डोक्यात आधी पार्व्होच येतो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यावर हल्ला करणारा व्हायरसचा आजार. घाण वासाचे, रक्ताचे जुलाब नंतर लागतात, बरेच जण त्याचीच वाट बघत बसतात आणि तेवढ्यात पिल्लाच्या अंगातलं पाणी संपतं. आतड्याचं अस्तरच खराब झालेलं असतं, मग दही-भात पोटात टिकणार कसा, सलाईनच लागतं. सासूबाई अगदीच चूक नाहीत, जंतही असतील, पण उलट्या चालू असताना घरी औषध पाजायचं नाही, श्वासनलिकेत जातं.

आणि अंग गरम लागतंय म्हणून क्रोसिन तर मुळीच नको! कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचरच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपला ९८.६ चा हिशोब तिथे लावू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन व्हेटला न विचारता दिलं तर लिव्हर, किडनीचं वाटोळं होऊ शकतं.

पार्व्होचा व्हायरस घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. फरशी आधी धुऊन घ्या, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी करून पुसा, दहा मिनिटं तसंच राहू द्या. पुढचं पिल्लू आणलंत तर सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस आणि मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर. एक डोस दिला की झालं, असं नसतं.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा सहा वर्षांचा आहे. गोचीड काढून टाकले होते, आता निम्मंच खातो, जिन्यावर थांबतो आणि काल नाकातून थोडं रक्त आलं. उन्हाळी लागली असेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका, हा गोचीडताप असू शकतो. गोचीड काढले तरी चावून झालेलं असतं आणि आजार नंतर दिसतो. प्लेटलेट्स घसरल्या की नाकातून रक्त येतं, पोटावर लाल-जांभळे ठिपके दिसतात. लघवी कॉफीसारखी होतेय का तेही बघा. आजच रक्त तपासा, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला पळवू नका, पट्टा ओढू नका.